पॅकेज अपग्रेड झाले, सर्व्हिस मात्र उठेना

लिनक्स सर्व्हरवर पॅकेजेस अपग्रेड करताना एखादी सर्व्हिस (पार्श्वभूमीत सतत चालणारा प्रोग्रॅम) पुन्हा सुरू झाली नाही, की दोष लगेच अपग्रेडच्या माथी मारला जातो. ‘चांगले चालले होते, अपडेट केले आणि बिघडले’ हे वाक्य मी सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत पेढ्यांमध्ये, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजच्या कार्यालयात आणि कुपवाडच्या कारखान्यांमध्ये सारख्याच खात्रीने उच्चारलेले ऐकले आहे. अशा ठिकाणचे छोटे सर्व्हर सांभाळणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे हे वाक्य ऐकून घेणे हाही त्याचाच भाग आहे. परंतु माझे मत आता पक्के झाले आहे की, बहुतेक प्रसंगी अपग्रेडने नवे काहीच बिघडवलेले नसते. पूर्वी कोणीतरी केलेला आणि कोठेही न नोंदवलेला बदल सर्व्हिस चालू असेपर्यंत झाकून राहिलेला असतो आणि अपग्रेडच्या निमित्ताने होणारा रीस्टार्ट तो उघडा पाडतो. त्यामुळे तपास ‘नव्या आवृत्तीत काय चुकले’ येथून सुरू करण्यापेक्षा ‘ही सर्व्हिस शेवटची सुरू झाली त्यानंतर या यंत्रावर काय बदलले’ येथून सुरू केला, तर वेळ पुष्कळ वाचतो. पुढील मजकुरात आज्ञा आणि फाइलींची नावे मी फोनवर सांगतो तशीच लिहिली आहेत. रोज हे काम करणाऱ्यांना ती ओळखता येतील.

मुळात अपग्रेडला रीस्टार्टची गरज का भासते, हे आधी पाहिले पाहिजे. डिस्कवरील लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो कोड, बदलली तरी चालू असलेली प्रोसेस, म्हणजे चालता प्रोग्रॅम, जुनीच प्रत मेमरीत धरून बसते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीतील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला, तेव्हा नवे पॅकेज बसवूनही ज्यांनी वेब सर्व्हर रीस्टार्ट केले नव्हते त्यांची यंत्रे पूर्वीइतकीच असुरक्षित राहत होती. याच गरजेसाठी डेबियन आणि उबंटू या लिनक्सच्या वितरणांमध्ये ‘नीडरीस्टार्ट’सारखे साधन असते, जे कोणती प्रोसेस जुनी लायब्ररी वापरते आहे हे शोधून त्या सर्व्हिसेस पुन्हा सुरू करते. उबंटू २२.०४ च्या सर्व्हरवर हे साधन कोणत्या सर्व्हिसेस रीस्टार्ट करायच्या याची यादी समोर ठेवून विचारते, तर २४.०४ मध्ये ते बहुतेक वेळा न विचारताच काम उरकते. याचा एक परिणाम नवख्या माणसाला गोंधळात टाकतो: अपग्रेडच्या यादीत एनजिनएक्स या वेब सर्व्हरचे नावही नसते, केवळ एक लायब्ररी बदललेली असते, आणि तरीही बंद पडतो तो एनजिनएक्स.

आता पॅकेजेस बसवणारे ‘डीपीकेजी’ हे साधन काम कसे करते ते पाहू, कारण चुकीचा संदेश वाचताना हाच तपशील उपयोगी पडतो. अपग्रेडचे दोन स्पष्ट टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात पॅकेज उलगडून नव्या फाइली जुन्यांच्या जागी ठेवल्या जातात. दुसऱ्या टप्प्यात ते ‘कॉन्फिगर’ केले जाते, म्हणजेच पॅकेजबरोबर आलेली ‘पोस्टइन्स्ट’ ही स्क्रिप्ट चालवली जाते. सर्व्हिस सुरू करण्याची किंवा रीस्टार्ट करण्याची आज्ञा सहसा या स्क्रिप्टमध्ये असते. ती स्क्रिप्ट शून्याऐवजी (शून्य म्हणजे यश) दुसरा कोणताही कोड परत करून संपली, तर पॅकेज ‘हाफ-कॉन्फिगर्ड’ अवस्थेत अडकते आणि त्याच्यावर अवलंबून असलेली पॅकेजेसही कॉन्फिगर न होता तशीच पडून राहतात. पडद्यावर मग चुकांची रांग लागते आणि अगदी शेवटी ‘डीपीकेजीने एरर कोड १ परत केला’ अशा अर्थाची ओळ येते. लोक नेमकी हीच ओळ कॉपी करून इंटरनेटवर शोधतात, आणि सगळ्यांत निरुपयोगी ओळही हीच असते, कारण ती केवळ कोठेतरी काहीतरी अपयशी ठरले एवढेच सांगते.

अशा वेळी पडद्यावरचा मजकूर वर निघून गेला असला तरी चिंतेचे कारण नाही. ‘व्हार’ खालच्या ‘लॉग’ आणि त्याखालच्या ‘ॲप्ट’ या फोल्डरमध्ये ‘टर्म डॉट लॉग’ नावाची फाइल असते. अपग्रेडच्या वेळी टर्मिनलवर जे उमटले ते तिच्यात जसेच्या तसे असते. तिच्यात शेवटची नव्हे तर पहिली चूक शोधावी. पहिली चूक ज्या पॅकेजची, तपास तेथूनच सुरू होतो. त्याखालच्या चुका बहुधा तिचीच पिलावळ असते. त्यानंतर स्वतःला एकच प्रश्न विचारावा: अडले ते नेमके कोण? डीपीकेजीची स्क्रिप्ट, सर्व्हिस सुरू करून देणारे ‘सिस्टिमडी’, की सुरू झाल्यावर स्वतःच बंद पडलेला प्रोग्रॅम? तिघांच्या नोंदी तीन वेगळ्या ठिकाणी असतात आणि एकाचे दुखणे दुसऱ्याच्या नोंदीत शोधत बसण्यात पूर्ण दुपार जाऊ शकते.

मार्केट यार्डातील एका पेढीचे उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे. हळदीचा हंगाम ऐन भरात असताना शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या, करण्याचे काम तुंबलेले असते, आणि त्याच सुमारास तेथील दिवाणजींचा फोन आला: ‘सर, मशीन चालू हाय, पण पट्टी निघंना.’ त्यांचा उबंटू सर्व्हर दुसऱ्या एका तंत्रज्ञाने २०.०४ वरून २२.०४ वर नेला होता आणि त्यात मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरचे पॅकेज अर्धवट अडकले होते. ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’ने सर्व्हिस अपयशी झाल्याचे सांगितले, पण ही आज्ञा सहसा नोंदींच्या शेवटच्या दहाच ओळी दाखवते आणि त्यांत कारण नव्हते. मायएसक्यूएलच्या स्वतःच्या एरर लॉगमध्ये मात्र डेटाच्या फोल्डरमध्ये शिरता आले नाही, ‘एरर नंबर १३, परमिशन डिनाइड’, असे स्वच्छ लिहिलेले होते.

येथवर कोणीही पोहोचतो, आणि बहुतेक जण येथेच वाट चुकतात. या पेढीचा डेटाबेस मूळ जागी नव्हता. जुनी डिस्क भरत आल्यामुळे कोणीतरी तो ‘डेटा’ नावाच्या दुसऱ्या डिस्कवर हलवला होता. परवानगी नाकारली म्हटल्यावर फोल्डरचा मालक तपासला, तर तो योग्य होता. परवानग्याही योग्य होत्या. मायएसक्यूएलच्या युजरच्या नावाने शेलमधून त्या फोल्डरमधील फाइलींची यादीसुद्धा काढता येत होती. म्हणजे नेहमीच्या फाइल परवानग्यांच्या वर आणखी कोणीतरी दार अडवून बसले होते. ‘जर्नलसीटीएल’ला ‘के’ हा पर्याय देऊन कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदी पाहिल्या, तेव्हा ‘ॲपआर्मर’ या सुरक्षा यंत्रणेने दिलेले नकार ओळीने सापडले. उबंटूवर मायएसक्यूएलने कोणकोणत्या फोल्डरना हात लावावा, याची मर्यादा ॲपआर्मरच्या प्रोफाइलमध्ये ठरलेली असते. डेटाबेस हलवणाऱ्याने नव्या फोल्डरचा उल्लेख थेट त्या मूळ प्रोफाइल फाइलमध्ये केला होता. अपग्रेडच्या वेळी डीपीकेजीने विचारले की, ही फाइल तुम्ही बदललेली दिसते, तुमची ठेवू की पॅकेजची नवी घेऊ. आणि अपग्रेड करणाऱ्याने पॅकेजची नवी घेतली. जुनी फाइल त्याच फोल्डरमध्ये ‘डीपीकेजी-ओल्ड’ अशी शेपटी लावून ठेवलेली होती. दोन्ही फाइलींतील फरक काढल्यावर नेमक्या दोन ओळी कमी झालेल्या दिसल्या.

उपाय अर्थातच त्या ओळी पुन्हा त्याच फाइलमध्ये लिहिण्याचा नव्हे, कारण मग पुढच्या अपग्रेडला हाच प्रश्न आणि हाच घोटाळा. ॲपआर्मरच्या फोल्डरमध्ये ‘लोकल’ नावाचा उपफोल्डर असतो आणि त्यातील त्याच नावाची फाइल मूळ प्रोफाइल आपल्यात सामावून घेते. स्थानिक बदल तेथे लिहिले, प्रोफाइल पुन्हा लोड केले, सर्व्हिस हाताने सुरू करून पाहिली, आणि मगच ‘डीपीकेजी’ला ‘कॉन्फिगर’ व ‘ए’ हे पर्याय देऊन अडकलेली पॅकेजेस पूर्ण करून घेतली. हा क्रम महत्त्वाचा आहे. सर्व्हिस स्वतंत्रपणे उठत नसेल, तर कॉन्फिगरची आज्ञा कितीही वेळा दिली तरी स्क्रिप्ट त्याच जागी अडखळणार.

याच प्रसंगात काय करू नये, याचीही यादी दिवाणजींच्या टेबलावर तयार होती, कारण माझ्याआधी फोनवरून सल्ला देणारे पुष्कळ जण होते. एकाने फोल्डरला सर्वांसाठी सर्व परवानग्या देण्यास सांगितले होते. त्याने ॲपआर्मरला काडीचाही फरक पडत नाही आणि पेढीचा हिशेब मात्र यंत्रावरील कोणालाही खुला होतो. दुसऱ्याने ॲपआर्मर कायमचे बंद करण्यास सुचवले होते. तिसरा सल्ला सर्वांत घातक होता: पॅकेज ‘पर्ज’ करा, म्हणजे कॉन्फिगरेशनसकट समूळ काढा, आणि नव्याने बसवा. मायएसक्यूएलचे सर्व्हर पॅकेज पर्ज करताना डेटाबेसही काढून टाकायचे का, असा प्रश्न विचारला जातो, आणि घाईत असलेला माणूस प्रश्न न वाचता ‘होय’ म्हणतो. ज्या पेढीत शेतकऱ्यांची येणी-देणी त्या एका डेटाबेसमध्ये आहेत, तेथे अर्ध्या तासाचा अडथळा टाळण्यासाठी हंगामाचा हिशेब पणाला लावणे हा शुद्ध अविचार आहे. आदल्या रात्रीचा बॅकअप आहे की नाही हे तपासल्याशिवाय मी अडकलेल्या डेटाबेस पॅकेजला हातही लावत नाही.

वेब सर्व्हरच्या बाबतीत झाकलेली चूक आणखी बेमालूमपणे लपते. एनजिनएक्सला ‘रीलोड’ सांगितले, म्हणजे न थांबता कॉन्फिगरेशन पुन्हा वाचायला लावले, आणि नव्या कॉन्फिगरेशनमध्ये चूक असली, तर तो नवे कॉन्फिगरेशन नाकारतो आणि जुन्यावरच काम करत राहतो. संकेतस्थळ चालू दिसते, कोणी तक्रार करत नाही, आणि ती चूक महिनोन्‌महिने फाइलमध्ये तशीच बसून राहते. रीस्टार्टमध्ये मात्र जुनी प्रोसेस थांबते आणि नवीला चुकीची फाइल वाचावी लागते. सर्टिफिकेटची काढून टाकलेली फाइल, किंवा ज्या सर्व्हरकडे विनंती पुढे पाठवायची त्याचे नाव सुरू होण्याच्या क्षणी डीएनएसवर (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेवर) न सापडणे, एवढ्या कारणानेही एनजिनएक्स उठत नाही. ‘एनजिनएक्स’ला ‘टी’ पर्याय देऊन केलेली तपासणी यातील बहुतेक गोष्टी सांगते. पोर्टचे, म्हणजे विनंत्या ज्या क्रमांकाच्या दाराने येतात त्याचे, भांडण मात्र तिला नेहमी कळेलच असे नाही. अपाचे हा दुसरा वेब सर्व्हर आणि एनजिनएक्स दोन्ही एकाच यंत्रावर असतील, तर ८० क्रमांकाचा पोर्ट ज्याने आधी धरला तो जिंकतो आणि दुसऱ्याला ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ म्हणजे एरर ९८ मिळतो. ‘एसएस’ ही आज्ञा पोर्ट कोणाच्या ताब्यात आहे ते क्षणात सांगते.

एरर ९९ हा त्याचा कमी परिचित भाऊ. गणपती पेठेतील एका दुकानाने २०१९ च्या महापुरानंतर आपला सर्व्हर वरच्या मजल्यावर नेला आणि तेथे नवा राउटर लावल्यामुळे यंत्राचा आयपी पत्ता बदलला. एका अंतर्गत सर्व्हिसच्या कॉन्फिगरेशनमध्ये जुना पत्ता लिहिलेला होता. स्थिर पत्ता कधीतरी चालू यंत्रावरच बदलला गेला असावा, कारण सर्व्हिस पुढे बराच काळ निमूट पडून होती आणि लायब्ररीच्या एका साध्या अपग्रेडला तिने ‘हा पत्ता मला धरता येत नाही’ म्हणून मान टाकली. दोष कोणाला, तर अर्थातच अपग्रेडला.

नव्या आवृत्तीमुळेच खोळंबा होतो अशा जागाही आहेत, आणि त्या मान्य केल्या पाहिजेत. मायएसक्यूएल ८.० मधून क्वेरी कॅश, म्हणजे आधीची उत्तरे साठवून ठेवण्याची सोय, काढून टाकण्यात आली. त्यामुळे ५.७ च्या काळात वेग वाढवण्यासाठी कॉन्फिगरेशनमध्ये घातलेल्या क्वेरी कॅशच्या ओळी ८.० ला अनोळखी ठरतात आणि तो सुरू होण्यासच नकार देतो, उबंटू १८.०४ वरून २०.०४ वर जाताना पुष्कळांना याचा फटका बसला. पीएचपीचे दुखणे थोडे वेगळे आहे. उबंटू २०.०४ मध्ये पीएचपी ७.४ होते आणि २२.०४ मध्ये ८.१ आले. पीएचपी चालवणारी नवी एफपीएम सर्व्हिस व्यवस्थित चालू असते, एनजिनएक्सही चालू असतो, परंतु एनजिनएक्सच्या फाइलमध्ये दोघांना जोडणाऱ्या सॉकेटचे नाव ७.४ चेच राहिलेले असते आणि ब्राउझरमध्ये ‘५०२ बॅड गेटवे’ झळकते. येथे कोणतीही सर्व्हिस अपयशी नसल्यामुळे सिस्टिमडीला विचारून काहीही हाती लागत नाही.

सिस्टिमडीकडे वळायचे, तर एक्झिट कोड, म्हणजे प्रोसेस संपताना परत येणारा क्रमांक, वाचण्याची सवय लावून घेण्यासारखी आहे. २०० आणि त्यापुढचे कोड सहसा प्रोग्रॅमचे नसून सिस्टिमडीचे स्वतःचे असतात, म्हणजे प्रोग्रॅमचे काम सुरू होण्यापूर्वीच घोडे अडले आहे. २०३ म्हणजे सांगितलेली फाइल चालवता आली नाही, २१७ म्हणजे सांगितलेला युजर सापडला नाही, २०० म्हणजे कामाच्या फोल्डरमध्ये जाता आले नाही. अपग्रेडनंतर २०३ दिसला, तर मी प्रथम ‘सिस्टिमसीटीएल कॅट’ चालवतो. ही आज्ञा सर्व्हिसची युनिट फाइल (सर्व्हिस कशी चालवायची हे सिस्टिमडीला सांगणारी फाइल) कोठून वाचली जात आहे आणि तिच्यावर कोणते बदल चढवले आहेत, हे एकत्र दाखवते. पूर्वी कोणीतरी पूर्ण युनिट फाइलची प्रत ‘ईटीसी’ या कॉन्फिगरेशनच्या फोल्डरखाली करून ठेवलेली असते, ती पॅकेजच्या नव्या युनिटला झाकून टाकते आणि आता अस्तित्वातच नसलेल्या जुन्या प्रोग्रॅमचा मार्ग देत राहते. बदल करायचाच असेल तर ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ने हव्या तेवढ्याच ओळींची ओव्हरराइड फाइल करावी, पूर्ण प्रत कधीच करू नये.

‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ हा संदेशही नाहक घाबरवतो. सहसा दहा सेकंदांत पाचपेक्षा अधिक वेळा सुरू करण्याचा प्रयत्न झाला की सिस्टिमडी पुढचे प्रयत्न थांबवते. तो संदेश कारण नसून परिणाम आहे. खरे कारण त्याच्या वरच्या ओळींत असते. कारण दूर केल्यावर ‘रीसेट-फेल्ड’ करून पुन्हा प्रयत्न करावा. सुरू होण्यास मुळात वेळ घेणाऱ्या जावाच्या सर्व्हिसेसना ९० सेकंदांची ठरीव मुदत अपुरी पडू शकते, विशेषतः जुन्या हार्ड डिस्कवर. आणि डिस्क भरली आहे का, हे ‘डीएफ’ने पाहताना ‘आय’ पर्याय देऊन आयनोडही (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) पाहावेत; जागा शिल्लक असूनही आयनोड संपल्यामुळे नवी फाइल करता न येणे हा प्रकार लाखो बारीक फाइली साठवणाऱ्या यंत्रांवर घडतो.

आतापर्यंतचे सर्व अपयश निदान आरडाओरडा तरी करते. मला अधिक धास्ती मूक अपयशाची वाटते. डेबियनच्या अनेक पॅकेजेसच्या स्क्रिप्टमध्ये रीस्टार्टची आज्ञा अशा रीतीने लिहिलेली असते की ती फसली तरी स्क्रिप्ट यशस्वीच मानली जाते. पॅकेज ‘इन्स्टॉल्ड’ दिसते, डीपीकेजीला कामाला लावणारे ॲप्ट समाधानाने बाहेर पडते आणि सर्व्हिस मात्र बंद असते. दुसरा प्रकार ‘पॉलिसी-आरसी-डी’ या छोट्या फाइलचा. ती १०१ हा कोड परत करत असेल, तर पॅकेजांच्या स्क्रिप्टना सर्व्हिस सुरू करण्यास मनाई असते. डॉकर या कंटेनर यंत्रणेच्या डेबियन-उबंटू इमेजमध्ये, म्हणजे तयार साच्यांमध्ये, ती हेतुपुरस्सर ठेवलेली असते; पण अशाच पद्धतीने तयार केलेली इमेज कोणी खऱ्या सर्व्हरवर वापरली, तर अपग्रेडनंतर कोणतीच सर्व्हिस रीस्टार्ट होत नाही आणि जुनी प्रोसेस जुन्याच लायब्ररीसह चालू राहते. रेड हॅटच्या कुळातील वितरणांत तर इन्स्टॉलनंतरची स्क्रिप्ट फसली तरी आरपीएम हे तेथील पॅकेज साधन केवळ इशारा देऊन पुढे जाते. म्हणून अपग्रेड हिरव्या अक्षरांत संपले तरी ‘सिस्टिमसीटीएल’ला ‘फेल्ड’ पर्याय देऊन यादी पाहिल्याशिवाय मी लॉगआउट करत नाही.

सर्व्हरवर दुरून लॉगिन करून देणाऱ्या एसएसएचबद्दल एवढेच, की त्याच्या कॉन्फिगरेशनची तपासणी ‘एसएसएचडी’ला ‘टी’ पर्याय देऊन आधी करावी आणि रीस्टार्टच्या वेळी दुसरे सेशन उघडे ठेवावे. रीस्टार्ट फसला तरी उघडे सेशन सहसा टिकून राहते. नवे मात्र मिळत नाही, आणि पावसात माधवनगरपर्यंत जाऊन कीबोर्ड जोडण्याची वेळ येते.

राहिला प्रश्न वेळेचा. डेबियन आणि उबंटूमध्ये आपोआप होणारे अपग्रेड सकाळी सहा ते सातच्या दरम्यान चालेल असा टायमर असतो. भाड्याने घेतलेल्या क्लाउड सर्व्हरवर मात्र घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असते, आणि यूटीसीचे सहा म्हणजे आपल्याकडचे साडेअकरा. पेढीत गर्दी असते नेमक्या त्या वेळी डेटाबेस रीस्टार्ट होतो, आणि पुन्हा उठला नाही तर ते सर्वांच्या देखत घडते. मी अशा यंत्रांचा टाइमझोन ‘एशिया-कोलकाता’ करतो आणि तेवढ्यावर न थांबता टायमरलाच ओव्हरराइड देऊन यार्डाच्या सुट्टीच्या दिवसाची पहाट नेमून देतो; मोठे अपग्रेड असेल तर ते हातानेच करतो. हाताने करताना अपग्रेडची आज्ञा देण्यापूर्वी डेटाबेस, वेब सर्व्हर आणि पट्ट्यांचा प्रोग्रॅम एकेक करून जुन्याच आवृत्तीवर रीस्टार्ट करून पाहतो. त्यातील एखादा उठला नाही, तर अपग्रेड त्या दिवसापुरते बाजूला ठेवतो आणि दिवाणजींना तसे स्पष्ट सांगतो, कारण मग बिघाड अपग्रेडच्या आधीचा आहे हे त्यांच्यासमोरच सिद्ध झालेले असते.